न रापणारा डाग

दत्तात्रय मुळ्ये भवानीपूरच्या खोलीत चारुदत्तबरोबर दोन वर्षे राहिला, पण खरे सांगायचे तर चारुदत्तला त्याच्याविषयी फारसे ठाऊक नव्हते. गाव वाईजवळचे, आईवडील हयात नाहीत, नोकरी बजबजच्या तेलडेपोत, एवढेच. उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट डाग होता. लहानपणी उकळते पाणी सांडले होते, असे तोच म्हणाला होता.

१९५३ च्या माघात त्याचे लग्न ठरत आले. मुलगी मीनाक्षी, तिचे वडील मनोहरराव गार्डन रीचला रेल्वेत होते. थंडीत तो डाग कुणाच्या नजरेत भरला नाही. चैत्रात मात्र टाक्यांवर चढून तेल मोजता मोजता हात रापला आणि डाग उठून दिसू लागला. मनोहररावांकडे कुणीतरी कोडाची शंका काढली.

दत्तात्रयने भलताच उपाय केला. डागही रापेल म्हणून तो सुट्टीच्या दिवशी गच्चीवर हात उन्हात धरून बसे. हात आणखी काळा झाला, डाग आणखी पांढरा. डॉक्टर म्हणाले, भाजल्यावर आलेल्या या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत, ती रापणार कशी? घरी येऊन तो चारुदत्तवर चिडला. "तळहात तरी कुठं रापतात कुणाचे? त्यांना कोणी कोड म्हणतं का?"

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चारुदत्तच मनोहररावांकडे गेला. त्यांनी ती वाचली, घडी करून परत दिली. डॉक्टर काय, पेशंट सांगेल तेच लिहिणार, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी विचारले, "तुम्ही त्यांच्यासोबत राहता. भाजल्याचं तुम्हाला पक्कं माहीत आहे?"

हो म्हटले असते तर निभावून गेले असते. चारुदत्तला तेवढेही जमले नाही.

"तो म्हणाला म्हणून," तो पुटपुटला.

लग्न मोडले. दत्तात्रयने एका शब्दाने जाब विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते, असे चारुदत्तला वाटत राहिले. महिन्याभरात दत्तात्रयने मद्रासला बदली मागून घेतली. निघायच्या दुपारी तो मनगटाचे बटण लावत होता.

"एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट?" चारुदत्तने विचारले.

"असू दे," तो म्हणाला. "खाली रिक्षा आहे का बघ."