म्हशीच्या पाठीवरचं लुगडं

मला नवरा नको होता, मला झोप हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी भलतं गोड काही समजायला नको. नात सारखी विचारते, "आजी, आजोबांनी तुला मागणी कशी घातली?" आणि मी सांगायला लागले की मध्येच हसते. हसण्यासारखं होतंच ते. पण ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं.

तेव्हा गादीवर महाराज होते. कोल्हापुरात आमची गवळ्यांची गल्ली. प्रत्येक दारापुढं म्हशी, दाराआड माणसं, आणि दोघांच्या मध्ये शेणाचा ढीग. माझा पहिला नवरा गाठीच्या तापात, प्लेगात गेला. घरात मी, सासू, माझी लहान पोर आणि दोन म्हशी एवढी राहिलो. धारेला सण नाही आणि सुतकही नाही. नवरा गेला त्या संध्याकाळीसुद्धा मी धार काढली. सासू रडत होती, म्हैस ओरडत होती, आणि त्या दोघींतलं म्हशीचं ओरडणं तेवढं मला थांबवता येण्यासारखं होतं.

तिथून जे सुरू झालं ते संपेचना. पहाटे धार, मग घागर डोक्यावर घेऊन घरोघर दूध घालायचं, आल्यावर शेण भरायचं, शेणी थापायच्या, वैरणीला जायचं, की झालीच पुन्हा धारेची वेळ. उभ्याउभ्या डोळा लागायचा माझा. दूध मापताना एकदा लागला आणि एका बाईचं पातेलं उतू गेलं. तिला वाटलं मी दिलदार आहे.

सासू वाईट नव्हती. कडक होती. लेक गेल्यावर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची: पाणी पाजलंस का, वैरण टाकलीस का. 'बस' हा शब्द त्या घरात मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. तिचा सगळा जीव नातीत. पोर आजीचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही, आणि ती झोपली की म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत बसायची. लेकाचा तोंडवळा होता ना.

एका उन्हाळ्यात वैरण मिळेनाशी झाली आणि दोनातली एक म्हैस विकावी लागली. रेडकू असल्यापासून मीच वाढवलेली ती. तिला आणि तिच्या रेडकाला घेतलं आमच्यापासून तीन दारं सोडून राहणाऱ्या गवळ्यानं. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं, आणि आता तो म्हशींबरोबर एकटाच राहायचा. बोलणं इतकं कमी की गल्लीतली माणसं त्याच्यापेक्षा त्याच्या म्हशींना जास्त ओळखायची. दावं हातात घेताना त्यानं मला एकच विचारलं, "हिला आवडतंय काय?" मी म्हटलं, "सरकी. आणि मान खाजिवल्याली." त्यानं मान डोलवली आणि तो निघून गेला. म्हैस मात्र तीनदा मागं वळून बघत गेली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. "वैनी, पान्हा सोडीना. रेडकू लावलं तरी सोडीना. जरा या की."

झालं. माझ्या कामात आणखी एका कामाची भर. रोज संध्याकाळी घरची धार उरकून, दुधाची घागर घेऊन मी त्याच्या गोठ्यात थांबायची. मी म्हशीची मान खाजवायची, रेडकू ढुशा द्यायचं, म्हैस पान्हा सोडायची, आणि तो खाली बसून गुमान धार काढायचा. मग मी पुढं दूध घालायला जायची. सासूला ठाऊक होतं. "विकल्याली म्हस आन् दिल्याली लेक, दोन्हीकडं जावंच लागतंय," एवढंच ती म्हणाली.

एकदा मान खाजवता खाजवता मी तशीच म्हशीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा मी खाली वैरणीवर होते, अंगावर घोंगडं होतं आणि दिवस मावळायला आला होता. मी धडपडून उठले. माझी घागर कोपऱ्यात धुऊन पालथी घातलेली. तो दारात रेडकाला बांधत होता. "दूध घालून आलोय समद्यांचं," म्हणाला. "तुमी निजा की आजून."

मला काही भरून वगैरे आलं नाही. आणखी थोडं निजता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं. पण घरी येताना ते 'निजा' कानात राहिलं. त्या दिवसानंतर त्यानं मला 'वैनी' म्हणायचं सोडलं. नुसतं 'अवो' म्हणू लागला. बायकांना अशा गोष्टी कळतात. मलाही कळली, आणि कळून मी ती गप्प बाजूला ठेवली.

बाजूला ठेवण्याचं कारण सांगते. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्याला कुणी अडवत नाही. पण त्याची रीत ऐका. पुरुषाकडची म्हातारी माणसं बाईच्या सासरी जाऊन बोलणार, आणि बाईला विचारायची पद्धतच नाही. लुगडं आणि हिरव्या बांगड्या द्यायच्या, दिवस मावळल्यावर, दिवा बारीक करून, सवाष्णींची नजर चुकवून पाट लावायचा. चोरीचा माल हलवावा तसं. आणि पोरं पहिल्या नवऱ्याची, ती त्याच्याच घरी राहायची. बाई जायची ती एकटी. माझ्या ओळखीची एक बाई अशी गेली होती. आपलीच पोरं रस्त्यात दिसली की ती तोंड फिरवून चालायची, कारण बघितलं तर पाय पुढं पडायचा नाही. मला ते जमणार नव्हतं. दमलेली होते, पण इतकीही दमलेली नव्हते.

दिवाळी जवळ आली तशी मला एक गंमत दिसू लागली. ती म्हैस सकाळ-संध्याकाळ पाठीवर फाटकं पोतं घेऊन हिंडायची. मी विचारलं, "आजारी हाय व्हय?" तो म्हणाला, "न्हाय. सवं." कसली सवय ते काही सांगेना. मधेच एक दिवस तो पेंड आणायला म्हणून इचलकरंजीला चालत गेला आणि पेंड न घेताच आला. आमच्या गल्लीत बांगड्या भरायला एक मणेर चाचा यायचे. तेही माझ्या मनगटांकडं उगाच बघून जाऊ लागले. मला यातलं काही एकमेकांशी जोडता आलं नाही. दमलेल्या माणसाला दोन आणि दोन चार करायचाही कंटाळा असतो.

पाडवा उजाडला. पाडवा म्हणजे आमच्या गल्लीत म्हशींचा मान. सकाळीच म्हशी पंचगंगेवर नेऊन घासून आणल्या, शिंगांना तेल आणि हुरमुंजीचा तांबडा रंग लावला, मोराची पिसं बांधली, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि घुंगरं घातली. मग हलगी सुरू. एकेक गवळी पुढं होऊन आपल्या म्हशीला हाक घालणार आणि ती गर्दीतनं त्याच्या मागं पळत येणार. ज्याच्या हाकेला म्हैस आली नाही त्याची वर्षभर टिंगल. बायका दारात आरतीची ताटं घेऊन उभ्या. सासू उंबऱ्यावर बसलेली, पोर तिच्या पुढ्यात, आणि मी विधवा म्हणून चौकटीच्या आत, अंगाची घडी करून.

त्याची पाळी आली. त्यानं हाक घातलीच नाही. नुसतं दावं सोडलं.

म्हैस तिथनं निघाली ती सरळ आमच्या दारात. तिचंच घर ते, ती आणखी कुठं जाणार? मागं उड्या मारत रेडकू. तिच्या पाठीवर, पोत्याच्या जागी, इचलकरंजीचं कोरं हिरवं लुगडं झुलीसारखं पसरलेलं, आणि कवड्यांच्या माळेत तांबड्या दोऱ्यानं ओवलेल्या हिरव्या बांगड्या. तिनं चौकटीतून मान आत घातली आणि माझ्या खांद्यावर नाक घासलं. बांगड्या वाजल्या. हलगी थांबली. लुगडं आणि हिरव्या बांगड्या म्हणजे काय, ते त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग माझा तोल सुटला. मी उंबरा ओलांडून सगळ्यांच्या देखत बाहेर आले आणि ओरडले, "मला इचारायचं तर मला इचारा की! म्हशीला कशाला म्होरं घातलंय?"

तो पुढं आला. कान लालभडक. पटका सरळ करत म्हणाला, "मला बोलाया जमत न्हाय. हिला वाट ठावं हाय."

आता लोक मोकळेपणानं हसले. मी हसले नाही, कारण माझं लक्ष सासूकडं होतं. म्हातारीनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं होतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "तिचं ती बघंल. मी अडवायची न्हाय. पर पोरगी माझ्या लेकाची हाय. ती ह्या उंबऱ्याच्या आतच ऱ्हाणार."

आजूबाजूच्या माना हलल्या. रीतच होती ती. माझ्यापुरता विषय संपला. मी म्हशीच्या पाठीवरचं लुगडं ओढलं, नीट घडी केली आणि त्याच्यापुढं धरलं. लुगडं चांगलं होतं. इतकं चांगलं लुगडं माझ्या पहिल्या लग्नातही मला मिळालं नव्हतं. "न्या," मी म्हणाले. एवढा एकच शब्द, आणि तो उच्चारताना मला कळलं की मला ते परत द्यायचं नाहीये. त्या माणसाच्या गोठ्यातल्या वैरणीवर मी जशी झोपले तशी जन्मात कुठं झोपले नव्हते. मला तो हवा होता. आणि पोरीपुढं त्याचा काही हिशोब नव्हता.

त्यानं लुगडं घेतलं नाही. तो रेडकाकडं बघत होता. ते आईच्या पायांत घुसून ढुशा देत होतं. मग तो सासूला म्हणाला, "मावशी, रेडकू ठिवून म्हस कोन न्हेतंय व्हय? पान्हा आटतोय की."

गल्लीभर गवळीच. आमच्यात दावं सोडताना रेडकू मागं ठेवलं तर देणाराही मूर्ख आणि घेणाराही. मला भर गल्लीत म्हैस म्हणाला तो माणूस, आणि राग यायचा सोडून मला रडू कोसळलं. नवरा गेला तेव्हा रडायला वेळ झाला नव्हता, तेही त्यातच निघालं असावं.

सासूनं पोरीला मांडीवरून खाली उतरवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, "धारंची येळ झाली," म्हणाली आणि आत गेली. मीही डोळे पुसले आणि कासंडी घेऊन खाली बसले. लुगडं कोनाड्यात ठेवलं. पुढं कितीतरी दिवस त्या घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. म्हातारी रोज नातीची वेणी घालायची, घालून झाली की सोडायची आणि पुन्हा घालायची. मी बघायची आणि वैरणीला जायची. ती नाही म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता. तिचंही तेवढंच एक होतं.

मग एका सकाळी मी दूध घालून आले तर उंबऱ्यावर गाठोडं. पोरीचे परकर, पोलकी, फणी. सासू शेजारी बसलेली. "जा," म्हणाली. "त्यानं दिसाढवळ्या मागितलंय, तर दिसाढवळ्याच जा. चोरावाणी जायाचं न्हाय. पर सांजचं दूध मला पोरीच्या हातनं आलं पायजे."

चाचांनी त्याला बांगड्यांचं माप माझ्या पहिल्या लग्नातलं आठवून दिलं होतं. शेणा-वैरणीनं माझे हात आता इतके जाड झाले होते की एकही बांगडी आत जाईना. त्यांनी दुसऱ्या आणून भरल्या, आणि दुपारच्या उन्हात, तीन दारं ओलांडून, पोरीचं बोट धरून मी गेले. पुढं कधीतरी मी नवऱ्याला विचारलं, "चारचौघांत तमाशा कशाला केला? चार म्हाताऱ्यांना धाडायचं की." तो म्हणाला, "चोरी थोडीच हुती ती." महिन्यातनं एखादं वाक्य बोलायचा, पण ठेवणीतलं.

झोप मिळाली का? कुठली! म्हशी जास्त, तेवढं शेण जास्त. पण दुपारी तो पोरीला घेऊन बाहेर पडायचा, दार ओढून घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, "निजा वाईच." कधी झोप लागायची, कधी नाही. दार ओढल्याचा आवाज मात्र मला रोज हवा असायचा.

आणि रोज संध्याकाळी पोर दुधाचा तांब्या घेऊन तीन दारं पलीकडं जायची. म्हातारी उंबऱ्यावर वाट बघत असायची. तिच्यामागं खुंट्याला आमची दुसरी म्हैस, ती दोन्ही वेळा भरून दूध द्यायची. तरी म्हातारी नातीच्या हातातला तांब्या घ्यायची, तिला पुढ्यात बसवायची आणि रिकामा करून द्यायला दिवस मावळवायची. घरात दुभती म्हैस असताना बाहेरचं दूध घेणारी गवळीण मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

पोरगी लग्न होऊन मलकापूरला गेली, त्या संध्याकाळी तांब्या घेऊन मी गेले. म्हातारी तशीच उंबऱ्यावर. "आता कशाला आणलंस?" म्हणाली. "घरात हाय की दूध." तरी तांब्या हातात घेतला आणि उंबऱ्यावर जरा बाजूला सरकली.

"बस," म्हणाली. "दमलीयास."