मला छोटाच बोर्ड चालेल

रायपूरला समुद्र नाही हे मला कुणी सांगायला नको, तरी त्या महिन्यात सगळ्यांनी सांगितलं. ऑफिसातल्यांनी सांगितलं, आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या शेजारणीनं सांगितलं, नवऱ्यानं तर चहासोबत रोज सांगितलं. कारण पन्नाशी उलटल्यावर मी सर्फिंग शिकायला निघाले होते.

याला जबाबदार आमची पोरगी. ती विशाखापट्टणमला नोकरीला होती, रविवार आला की बोर्ड घेऊन लाटांवर उभी राहायची, आणि आता कॅनडाला चालली होती, कायमचीच म्हणायची. भेटेल तो विचारायचा, "तुम्हाले करमेल का?" मी हसून म्हणायची, "न करमायले काय झालं? जाऊ द्या तिले." हे मी इतक्यांदा म्हटलं की लोकांना खरं वाटू लागलं. इकडे मी कॅलेंडरवर तिच्या जाण्याचे दिवस मोजत होते. ती जाण्याआधी एकदा तरी तिच्याबरोबर त्या पाण्यात असावं, एवढंच मनात होतं. तिला मात्र मी म्हटलं की जमलं तर येईन, नाहीतर राहू दे.

"आओ ना मम्मी," ती फोनवर म्हणाली. तिला मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. "पर बोर्ड बड़ा लेना पड़ेगा. हाइट बताओ, वज़न बताओ."

मी वजन सांगितलं. ती म्हणाली, "पापा को फोन दो."

नवऱ्यानं खरा आकडा सांगितला, तोही शेजारी ऐकू जाईल असा. पलीकडून फर्मान आलं: नऊ फूट लांब, रुंद, जाड, वरून मऊ फोमचा. नऊ फूट म्हणजे किती ते बघायला आम्ही गच्चीवर गेलो. नवरा खडूनं आखत आखत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन अडला.

"एवढा मोठा काहून?" तो म्हणाला. "तू सर्फिंग शिकून राहिली का डोंगा चालवून राहिली?"

मलाही ते पटत नव्हतं. नवशिक्याला लहान वस्तू द्यावी, हात बसला की मोठी, अशी आमची समजूत. मी पुन्हा फोन लावला आणि सहा फुटाचा नाही का चालणार, असं विचारलं.

"आपने मुझे गाड़ी कहाँ सिखाई थी?" पोरीनं उलट विचारलं.

नव्या रायपूरला. इथं सगळे तिथंच शिकतात. रस्ते मैदानासारखे रुंद आणि रिकामे, कितीही वाकडं चालवा, धडकायला काही सापडत नाही.

"बुढापारा की गली में क्यों नहीं सिखाई?"

मोठा बोर्ड म्हणजे नवा रायपूर, चुकायला भरपूर जागा. तो बुडत नाही, डगमगत नाही, लाटही लवकर धरतो. लहान बोर्ड म्हणजे बुढापाऱ्याची चिंचोळी गल्ली, ज्याला चालवता येतं त्यानंच शिरावं. हे इतकं स्वच्छ कळलं होतं की पुढं चूक व्हायचं काही कारण नव्हतं.

आम्ही विशाखापट्टणमला पोचलो. किनाऱ्यावर बोर्ड भाड्यानं द्यायची शेड होती. "बड़ा नीला वाला बोल के रखा है, ले के आओ," असं सांगून पोरगी आपला बोर्ड घेऊन पाण्यात गेलीसुद्धा. मी निळ्या बोर्डाला हात लावणार, तेवढ्यात मागं एक नवं जोडपं येऊन उभं राहिलं. त्यातली मुलगी त्याच बोर्डाकडे बघत आपल्या नवऱ्याला हळूच म्हणाली की तो मिळाला असता तर बरं झालं असतं.

झालं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लो ना बेटा, तुम ले लो. मुझे छोटा चलेगा."

यात माझ्यापेक्षा वळणाचा दोष जास्त. आमच्याकडे पंगतीत जिलबी आली की आधी ताटावर हात आडवा धरायचा, "नको नको, अर्धीच," म्हणायचं, आणि मग वाढणाऱ्यानं आग्रह करून दोन वाढायच्या. समोरचा आग्रह करणार, हे धरूनच आपण नको म्हणतो. त्या जोडप्यानं आग्रह केला नाही. "थैंक यू आंटी," म्हणून बोर्ड उचलून ते चालू लागलं. शेडवाल्यानंही केला नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा उरलेल्या छोट्या बोर्डाकडे पाहिलं, आणि तो माझ्या हातात दिला.

त्या बोर्डावर मी पालथी झोपले आणि तो माझ्यासकट पाण्याखाली गेला. पुन्हा चढले तर तो सटकून एकटाच वर आला. पायाला दोरी बांधलेली, त्यामुळे प्रत्येक वेळी तो माझ्याकडे परत यायचा, तोही नेमका कपाळावर. नाकातोंडात पाणी. नवरा वाळूत खुर्ची टाकून मोबाइलवर सगळं टिपत होता आणि "जमून राहिलं" म्हणून धीर देत होता. काहीही जमत नव्हतं.

पोरगी पाणी तुडवत आली. तिनं माझा बोर्ड पाहिला, मग पलीकडे निळ्या बोर्डाशी खेळणारं जोडपं पाहिलं. तिला काही विचारावं लागलं नाही.

"मम्मी, आप हर बार यही करते हो." ती खरंच चिडली होती. "जली रोटी आपकी, टूटा कप आपका, गाड़ी में बीच वाली सीट आपकी. जो चाहिए वो माँगते क्यों नहीं?"

"त्या पोरीले पाहिजे होता न."

"और आपको?"

कमरेएवढ्या पाण्यातून मी निळ्या बोर्डाकडे पाहिलं. "जाओ, माँग के लाओ," ती म्हणाली. "मैं नहीं जाऊँगी आपके लिए."

मी गेले. तोवर जोडपं दमून वाळूत बसलं होतं आणि बोर्ड बाजूला पडला होता. तरी मागताना माझे कान गरम झाले. "बेटा, वो मुझे चाहिए," म्हटलं. मुलीनं लगेच दिला, वर "सॉरी आंटी" म्हणाली. मागणं एवढं सोपं असतं हे इतक्या उशिरा कळलं, याचा मला रागच आला.

निळ्या बोर्डावर मी ऐसपैस मावले. पोरीनं तो मागून धरला आणि आम्ही लाटेची वाट बघत थांबलो. पालथी असल्यामुळे तिचं तोंड मला दिसत नव्हतं. म्हणूनच बहुधा माझी जीभ सुटली.

"अजून एक पाहिजे मले."

"क्या?"

"तिकडं गेल्यावर रोज फोन करायचा."

"रोज?"

"रोज. मले करमणार नाही. मी सगळ्यांले खोटं सांगून राहिली."

लाट आली. तिनं बोर्ड ढकललाच नाही. लाट आमच्या खालून तशीच किनाऱ्याकडे निघून गेली.

"मुझे लगा आपको फ़र्क ही नहीं पड़ता," ती म्हणाली. "सबको हँस-हँस के बोल रहे थे, जाने दो, जाने दो."

मी वळून तिच्याकडे बघायला गेले आणि पाण्यात पडले. तिनं मला हाताला धरून उठवलं, आणि उठवल्यावर बराच वेळ सोडलं नाही. त्या दिवशी बोर्डावर उभी मी राहिलेच नाही.