‘अरे’चं ‘अहो’

प्राणिसंग्रहालयात जाळीपलीकडे गोरिला बसला होता. त्याची ती रुंद, रुपेरी पाठ बघून मी आपोआप दोन पावलं मागे सरकले. त्याची देखभाल करणारे सावंतकाका हळू आवाजात म्हणाले, “अहो, छाती दाखवा.”

त्या धिप्पाड जनावराने उठून जाळीला छाती टेकवली.

“अहो?” मी विचारलं.

“पिल्लू होता तेव्हा अरे-तुरेच करायचो. पाठ पांढरी झाली, मग जीभच वळेना.” ते हसले, पण नजर त्या छातीवरच होती. “पिंजऱ्यात यांना हृदयाचा त्रास फार. म्हणून तपासायचं.”

आपलं ‘अहो’ पुष्कळदा भीतीतूनच येतं. मीही वडिलांना त्याच भीतीने अहो म्हणायचे. ते अंथरुणाला खिळले, तेव्हा भीती गेली नाही; तिने नुसती कूस बदलली. आधी त्यांची भीती वाटायची, मग त्यांच्यासाठी वाटू लागली.

तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी जाळीतून सोनोग्राफीचं यंत्र छातीला लावलं. पडद्याकडे बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या पुन्हा पुन्हा तीच जागा तपासू लागल्या. गोरिला यंत्राकडे बघतच नव्हता. दवाखान्यात वडील माझा चेहरा निरखायचे, तसा तो काकांचा चेहरा निरखत होता.

काकांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं.

“काही नाही रे,” ते म्हणाले, “काही नाही झालं तुला.”