तापलेला सर्व्हो

भडका मिस्त्रीच्या नाकावर राग असायचा म्हणणं म्हणजे कमीच, तो अंगभर होता. रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हात उचलण्यातही नव्हता. एका गिऱ्हाइकाचे दात त्याने पाडले होते, बायकोचं मनगट मोडलं होतं. ती माहेरी गेली ती गेलीच. लेक मात्र शनिवार-रविवार यायची, त्याच्या गाड्या शर्यतीत चालवायची, तीही एका अटीवर. "बाबा, पुन्हा कोणावरही हात टाकलात, की माझं येणं बंद." त्या दोन दिवसांच्या आशेवर तो उरलेला आठवडा ढकलायचा.

अंतिम शर्यतीच्या सकाळी तो तिच्या गाडीत नवा सर्व्हो बसवत होता. सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी काडेपेटीएवढी मोटर. आधी वीज देऊन ती मधोमध येऊ द्यायची आणि मगच तिच्यावर आर्म, म्हणजे चाकांना जोडलेली छोटी दांडी, दाबून बसवायचा, हे तो झोपेतही सांगेल. पण नेमका मेव्हण्याचा फोन आला, घटस्फोटाचं बोलणं निघालं, आणि शिव्यांची लाखोली वाहता वाहता त्याने आर्म तसाच दाबून स्क्रू आवळला.

शर्यत रंगात आली असताना लेकीची गाडी वळणावर वळलीच नाही. मागून येणारी निळी गाडी तिला घासली आणि ती भिंतीवर आपटली. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुद्दाम ठोकलीस!"

निळ्या गाडीचा मालक, कुठल्याशा बँकेतला चष्मेवाला कारकून, "अहो, ऐका तरी," एवढंच म्हणू शकला. पहिल्या ठोशात चष्मा फुटला, दुसऱ्यात नाक. तो आडवा झाल्यावरही मिस्त्री त्याच्या बरगड्यांत लाथा घालत राहिला. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा बुटावर रक्त होतं, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीला फार बरं वाटत होतं.

लेक टेबलाशी उभी होती. गाडीचं वरचं कवच तिने काढलं होतं.

"बोट लावून बघा."

सर्व्होला बोट लागताच चटका बसला. तिने झाकण उघडलं, तसा जळका वास आला. आतल्या दातेरी चक्रांचे दाते झिजून त्यांचा भुगा झाला होता.

"धडकेनं सर्व्हो असा तापतो का हो, बाबा?"

नाही तापत. आर्म तिरका बसला, की चाकं एका बाजूला अडतात, मोटर रेटत राहते आणि स्वतःचेच दाते खाते. शिकाऊ माणसाची चूक. ती ओळखायला लेकीला त्यानेच शिकवलं होतं.

तिने रिमोट टेबलावर ठेवला, पिशवी उचलली.

"अगं, तुझ्या अंगाला कधी बोट तरी लावलंय का मी?" त्याचा आवाज चिरकला.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि निघाली.