गर्दी जमेपर्यंतचं गाणं

"ताई, तुम्ही फक्त गाणं म्हणा. विषय आम्ही मांडतो."

असं म्हणून सरांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. हसत हसत. भरत आलेल्या सभागृहात.

सभा परक्या फौजांच्या विरोधात होती. मोठे देश गरीब देशांत सैन्य घुसवतात, तळ ठोकतात, वर म्हणतात तुमच्याच रक्षणासाठी आलोय. त्याविरुद्ध आपल्या सरकारनं ठाम बोलावं म्हणून शहरातल्या काही नागरिकांची मोहीम चाललेली. मीही त्यात. वाळूजच्या कंपनीतली पाळी संपली की पत्रकं वाटायची, बजाजनगरात सह्या गोळा करायच्या. सर मोहिमेचे प्रमुख. निवृत्त प्राध्यापक.

अशा सभांची आपल्याकडे एक रीत आहे. खुर्च्या भरेपर्यंत वस्तीतल्या पोरापोरींनी गाणी म्हणायची. खुर्च्या भरल्या की आम्ही खाली, विद्वान वर. भीमजयंतीच्या स्टेजवर वाढलेली मी, आवाज खणखणीत. दर वेळी मलाच बोलावणं.

त्या दिवशी मात्र मला बोलायचं होतं. कारण असलं रक्षण मी लहानपणी बघितलंय.

आमचं गाव पाचोडकडं. जयंतीच्या मिरवणुकीवरून गावानं आमच्या वस्तीवर दगडफेक केली. मग बंदोबस्त आला. बंदूकवाले. दगड मारणारे वरच्या आळीत, आणि बंदोबस्त बसला आमच्या हापशापाशी. तुमच्याच रक्षणासाठी, म्हणे. बायका पाण्याला गेल्या की शिट्ट्या. आईनं मला हापशावर पाठवणं बंद केलं. स्वतः तोंडावर पदर ओढून जायची. तक्रार कुणाकडं करायची? ज्यांच्याकडं करायची तेच तिथं बसलेले. त्यांचा चहासुद्धा आमच्याच चुलीवर.

एवढंच सांगायचं होतं. "आमच्या गावातबी असंच झालं व्हतं," इथवर आले आणि माईक गेला.

"गावातला अन्याय हा वेगळा विषय आहे, ताई," सर म्हणाले. "त्याचा वेगळा कार्यक्रम घेऊ. हा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे."

त्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली. ठेका सुरू झाला. मी तोंड उघडलं नाही. ठेका चालूच.

"ताई लाजल्या!" सर माईकवरून म्हणाले.

सभागृह खळखळून हसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या, बालवाडीतल्या पोरीला वाजवतात तशा. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी ढोलकीवर हात ठेवला. ती थांबली.

"लाजले नाय, सर. मला बोलायचं हाय. गाणं म्हणणार नाय."

"वेळ नाही आपल्याकडे." हसू गेलं होतं त्यांचं.

मी खाली उतरले. रिक्षात रडले, खोटं कशाला सांगू, आणि रडले म्हणून स्वतःचाच राग आला. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांचा यांना कळवळा. शेजारी उभी असलेली बाई मात्र गाण्यापुरतीच.

रविवारी बजाजनगरच्या बाजारात पत्रकं घेऊन उभी राहिले. एकटी. पिशव्या सावरत बायका थांबल्या.

"आपल्याला काय करायचं त्या देशांचं?" एकीनं विचारलं.

मी हापशाची गोष्ट सांगितली. सगळी. मध्ये कुणी तोडलं नाही. भाजीवाली म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी तिथल्या बायाबी पाण्याला जायाला भेत असत्याल."

"व्हय, मावशे."

"मंग आण कागद. अंगठा कुठं लावू?"

मोहीम मी सोडलेली नाही. सोडणारही नाही. ती सरांच्या घरची नाही. परवा त्यांचा फोन आला, पुढच्या सभेला या म्हणून. येते म्हणाले. पण पहिलं भाषण माझं, आणि विषय परक्या फौजांचाच. पत्रिकेत नाव छापायचं तर छापा, नाही तर राहू द्या. मी बोलणार आहे.