गजवीरचे मालक आणि पाटेवाला नईम

गाडीच्या मालकाइतका मूर्ख प्राणी अल्लानं दुसरा बनवला नाही, असं नईम मकदूमचं पक्कं मत होतं, आणि ते तो मालकाच्या तोंडावर सांगायचा. चिंचोळी एमआयडीसीच्या फाट्याला, पुणे रस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान. ट्रक असो, टेम्पो असो, पिकअप असो, मागचे पाटे, म्हणजे मालाचं ओझं झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसले किंवा तुटले की गाडी नईमकडं यायची. एकतीस वर्षं तो गाड्यांखाली पाठीवर पडून होता. घणाच्या आवाजानं डावा कान गेलेला. उजव्यानं जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तरी ऐकायच्या लायकीचं नसतं, असं तो म्हणे.

मूळचा तो केमचा. वडील स्टेशनाजवळ बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. बैलगाड्या कमी झाल्या तसं घर सोलापूरला आलं आणि पोरगा रुद्रप्पा कंबाराच्या भट्टीवर उभा राहिला. रुद्रप्पानं त्याला पाट्याला पाणी द्यायला शिकवलं, म्हणजे लालबुंद पाटा तेलात कधी बुडवायचा आणि कधी काढायचा ते. आणि जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवली, की गिऱ्हाईक बोलंल ते ऐकू नको, गाडी बोलंल ते ऐक.

नईमनं ते फार मनावर घेतलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय न्हाय वो मिस्त्री, गाडी रिकामीच हुती. खड्ड्यात गेली न्‌ पाटा तुटला." नईम खाली वाकायचा, तुटलेल्या कडेवर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "रिकामी हुती व्हय? मग आत हत्ती झोपला हुता का?"

दोन वर्षांपूर्वी बाजारात 'गजवीर' नावाची पिकअप आली. फार मोठी नाही, फार लहान नाही, मधल्या अंगाची. तोंड मात्र असं की एखादा पैलवान मिशीवर ताव मारतोय. सोलापुरातले मालक खुळे झाले. एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे नेणारे, मोहोळहून डाळिंब आणणारे, सगळ्यांनी गजवीर घेतली. पुढं गोंडे, मागं आरसे, दाराला बापाचं नाव, काचेवर पोरांची नावं. दसऱ्याला झेंडूचा हार इतका मोठा की ड्रायव्हरला रस्ता दिसू नये. पण "मालक, खालचे बोल्ट एकदा आवळून घ्या" म्हटलं, की हा हात झटकणार, "पुढच्या खेपेला बगू."

गजवीरचं एक दुखणं नईमला तिसऱ्याच गाडीला कळलं होतं. पाट्यांची चवड एकत्र धरणारा मधला बोल्ट कच्चा होता. जरा माल भरला, जरा रस्ता खराब लागला, की तो तुटायचा. मग पाटे सरकायचे आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळायची. वर्षभरात अशा एकोणीस गाड्या त्यानं दुरुस्त केल्या. एकोणीसही वेळा मालक जाताना कानाशी लागले, "मिस्त्री, कुटं बोलू नका. उद्या गाडी इकायची म्हटलं तर कोण घेईल?" लागायचे ते त्याच्या डाव्या कानाशी. पण काय म्हणत असतील ते त्याला पाठ झालं होतं.

मग तो व्हिडिओ आला. नईमची बायको अकबरी घरी शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारायची, आणि मशीनला टेकून तिचा फोन सतत चालू असायचा. एका दुपारी नईम जेवायला घरी आला तर फोनवर नाशिकचा कुणी एक तरुण गजवीरच्या खाली पडून बोलत होता. त्यानं नियमात बसेल तेवढाच माल भरून महिनाभर गाडी चालवली होती, बोल्ट तुटला होता, आणि तुटका बोल्ट हातात धरून तो म्हणत होता, गाडी बाकी चांगली आहे, पण कंपनीनं हे सुधारेपर्यंत घेऊ नका.

नईम हातातला घास तसाच धरून बघत राहिला. "ह्याच्या नखात ग्रीस हाय," तो म्हणाला. "खरं बोलतोय."

"खाली लोकांनी काय लिहिलंय ऐका," म्हणत अकबरी वाचू लागली. एकानं लिहिलं होतं, तुला गाडी झेपत नसेल तर सायकल चालव. दुसऱ्यानं, दुसऱ्या कंपनीचं किती खाल्लंस? तिसरा म्हणत होता, माझी गजवीर चार वर्षं झाली, एक स्क्रू ढिला झाला नाही. गाडी बाजारात येऊनच दोन वर्षं झाली होती. नावं ऐकता ऐकता नईमनं हात वर केला.

"थांब. हा तर गेल्या मंगळवारी दुकानात हुता. रडायला आलेला."

सगळ्यात लांबलचक उत्तर उदयसिंहाचं होतं. उदयसिंहाच्या सात गजवीर एमआयडीसीत पळत होत्या आणि 'गजवीर परिवार, सोलापूर' हा मालकांचा ग्रुप तोच चालवायचा. त्यानं लिहिलं होतं, की गजवीर ही आमची अस्मिता आहे, हिंमत असेल तर सोलापूरच्या मातीत ये.

"अस्मिता!" नईम म्हणाला. "ह्याच्या अस्मितेचे चार बोल्ट मी बदललेत." आणि पोट दुखेस्तोवर हसला.

आठवड्यानं उदयसिंह स्वतः दुकानात आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एकाच गाडीचं काम होतं. मधला बोल्ट जाड टाकायचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवायचे, आणि नवे पाटे काळे रंगवून वर चिखल फासायचा.

"चिखल कशाला, मालक?"

"असू दे की. नवं दिसलं की नजर लागती."

नईमनं नाक मुरडलं आणि काम केलं. काम म्हणून त्यात खोट नव्हती. जाताना उदयसिंह म्हणाला, "नईमभाई, रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मैदानावर या. त्या नाशिकवाल्याला उत्तर द्यायचंय. तुमी चार शब्द बोला. तुमच्या शब्दाला वजन हाय."

"मी हाय ते बोलीन. दुसरं पायजे आसंल तर पोपट आणा."

"तेच पायजे की!" उदयसिंह खूश होऊन म्हणाला. हा माणूस ऐकून घेत नाही, हे नईमला ठाऊक होतं. पण इतकं ऐकून घेत नसेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी मैदानावर नऊ गजवीर ओळीनं उभ्या होत्या. फ्लेक्स होता, पेढे होते. गठ्ठ्यांनी खच्चून भरलेली ती एक गाडी मोहोळला जाऊन परत आली, सरळ, ताठ. टाळ्या झाल्या. ग्रुपमधल्याच एकानं फोन धरला आणि उदयसिंह छाती काढून बोलू लागला, "कंपनीतून आली तशीच ही गाडी. एक बोल्ट बदललेला नाही. आणि हे आमचे नईम मिस्त्री, तीस वर्षांचा अनुभव. मिस्त्री, सांगा."

त्या चिखलाचा अर्थ नईमला तेव्हा लागला. रागापेक्षा त्याला किळस आली. लबाडीत सुद्धा ह्या लोकांना जरा अक्कल लावता येत नाही.

"बदललाय की," तो म्हणाला. "म्याच बदललाय. कंपनी पाच पाटे देती, हितं सात हायत. खोटं वाटत आसंल तर वाका आणि मोजा."

कुणी वाकलं नाही. फोन धरलेल्याचा हात खाली आला.

"आणि तुमी का गप? तुमचा बोल्ट मार्चमध्ये गेला. तुमचा दोनदा. त्या नाशिकच्या पोरानं एकट्यानं खरं सांगितलं, तर तुमी सगळे मिळून त्याच्या आईबापावर गेलात. गाडीची एवढी माया आसंल तर तिच्याखाली एकदा तरी बगा."

उदयसिंह दात ओठ खात म्हणाला, "मिस्त्री, तुमाला आमी मान दिला."

"त्यो बी परत घ्या." नईमनं परातीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि चालू लागला.

तो व्हिडिओ अर्थातच कुठं आला नाही. पण फोनवरच्या नकाशात नईमच्या दुकानाचं नाव कुणीतरी कधीतरी टाकून ठेवलं होतं, तिथं दोन दिवसांत एकेका ताऱ्याचे सत्तावीस शेरे पडले. उद्धट माणूस. फसवा माणूस. पाटा लावला, आठ दिवसांत तुटला. गिऱ्हाईकाशी बोलायची रीत नाही.

पहिल्या दिवशी नईम हसला. सत्तावीस मालक एकमतानं वागलेले त्यानं जन्मात बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सहज म्हणून विचारलं, "आज काय आलं का?" तिसऱ्या दिवशी सहज म्हणायचंही सोडलं. चौथ्या दिवशी तो अकबरीच्या खांद्यामागं उभा राहून एकेकाला उत्तर सांगू लागला. ह्याला लिही, तुला गाडी झेपत नसेल तर बैल घे. ह्याला लिही, उदयसिंहाचं किती खाल्लंस?

अकबरीनं मशीन थांबवलं. चिडली की ती दखनीत बोलायची, आणि तेव्हा तिच्या जिभेला धार असायची. "क्या जी, वो लोगां और तुम एकीच हो गये ना?"

नईमला ते झोंबलं.

"और ये एक सुनो," ती म्हणाली. "हे भांडणाच्या आधीचं आहे. तीन आठवडे झाले." आणि तिनं मराठीतलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'नईम मिस्त्रीकडून मेन पाटा करून घेतला. दोन महिन्यांत तडा गेला. सांगायला गेलो तर ओव्हरलोड म्हणून हाकलून दिलं. मी भाजी नेतो. आठशे किलोच्या वर कधी भरत नाही. शरणबसव, वळसंग.'

"खोटं हाय," नईम लगेच म्हणाला. "ओव्हरलोडच आसंल. सगळे आसंच म्हणत्यात."

पण दुपारभर त्याचा हात चालेना. तो पाटा त्याला आठवत होता. त्या दिवशी भट्टीजवळचं तेलाचं पिंप गळून रिकामं झालं होतं, दुसरं तेल येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि तो थांबला नव्हता. पाटा त्यानं साध्या पाण्यात विझवला होता, आणि तसा पाटा ठिसूळ होतो. नंतर घण मारताना आवाज पातळ आला होता, काच वाजावी तसा. चांगल्या कानानं त्यानं तो ऐकला होता आणि तरी पाटा गाडीला लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो आपल्या जुन्या मोपेडवर वळसंगला गेला. शरणबसवाच्या अंगणात गाडी दगडांवर चढवून ठेवलेली होती. त्याची आई सिद्धम्मा "बर्री, कूड्री", या, बसा, म्हणत पाणी घेऊन आली. शरणबसव मात्र दारातच उभा राहिला.

"काय मिस्त्री? भांडायला आलाय का?"

"बगायला आलोय."

नईम गाडीखाली शिरला. तडा पार आडवा गेला होता. पाटा कुठं वाकला नव्हता, ताणला नव्हता, नुसता फाटकन मोडला होता, आणि आतला दाणा साखरेसारखा चमकत होता. जास्त मालानं पाटा असा मोडत नाही. असा पाटा मिस्त्रीच्या हातानं मोडतो. उदयसिंहाच्या गाडीखाली हे दिसलं असतं तर नईमनं त्या मिस्त्रीला जन्मभर पुरेल एवढं सुनावलं असतं. इथं सुनावायला समोर कुणी नव्हतं.

"पाणी चुकलंय," बाहेर येऊन तो म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हंजे मी चुकलोय."

"मग मी आलो तवा हाकललं का?"

नईमला ओव्हरलोडपासून रस्त्यापर्यंत दहा उत्तरं येत होती. गजवीरच्या मालकांकडून ती त्यानं ऐकलेली होती. "तवा बी ठावं हुतं," तो म्हणाला.

शरणबसवाचा राग काही उतरला नाही. का उतरावा? महिनाभर तो दुसऱ्याच्या टेम्पोमागं हात जोडत फिरला होता, दोनदा भाजी सुकली होती. ते सगळं त्यानं बोलून घेतलं, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. नईमनं ते मान खाली घालून ऐकलं, हे अकबरीनं बघितलं असतं तर तिचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता.

नवा पाटा करायला दोन दिवस गेले. पहिला झाला तो नईमनं स्वतःच नापसंत केला, दुसरा तेलात नीट विझवला, आणि वळसंगला जाऊन आपल्या हातानं बसवला. गाडी भरून अक्कलकोटपर्यंत फिरवून आणल्यावर शरणबसव जरा सैल झाला.

"मिस्त्री, त्ये लिवलेलं काढून टाकू का?"

"का? खोटं लिवलंयस व्हय?"

"न्हाय."

"मग राहू दे की. त्या गर्दीत वाचण्यासारखं तेवढंच हाय."

घरी येऊन त्यानं अकबरीला त्या शेऱ्याखाली एक ओळ लिहायला लावली, 'चूक माझी होती, पाटा बदलून दिला.' तिनं पुढं 'क्षमस्व' घालू का विचारलं. त्यानं आधी नको म्हणून मान हलवली, आणि मग म्हणाला, "घाल." सत्तावीस जणांना त्यानं काहीच लिहिलं नाही. त्यातले अकरा पुढच्या सहा महिन्यांत पाटे घेऊन दुकानात आले, इकडंतिकडं बघत. त्यानं काम केलं आणि जिभेलाही सुट्टी दिली नाही. उदयसिंह स्वतः कधी आला नाही, ड्रायव्हरच्या हाती गाड्या पाठवायचा.

वर्ष सरता सरता कंपनीनं गाजावाजा न करता नव्या गाड्यांना जाड बोल्ट घातला. त्या दिवशी उदयसिंहानं ग्रुपच्या वतीनं मोठं निवेदन टाकलं, की मालकांच्या एकजुटीमुळं आणि सततच्या पाठपुराव्यामुळं ही सुधारणा झाली आहे. खाली शंभर जणांनी हात जोडले होते. नाशिकच्या त्या तरुणाचं नाव कुठं नव्हतं.

अकबरीनं ते सगळं वाचून दाखवलं. नईम भाकरी मोडत होता.

"त्या नाशिकच्या पोराला कायतरी लिही," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"लिही, सोलापूरच्या एका मिस्त्रीनं एकोणीस बोल्ट बदलले न्‌ वर्षभर तोंड उघडलं न्हाय. तुजं खरं हुतं." आणि आमटीची वाटी पुढं सरकवत त्यानं अजून वाढायला सांगितलं.