टॅबलेट, लॅपटॉप आणि आईचा पोळपाट

रविवारी लेकीला घेऊन घाटकोपरला गेले, स्टेशनजवळच्या दुकानात. ऋतुजाचं डिझाइनचं कॉलेज सुरू होणार होतं आणि घ्यायचं होतं काहीतरी एकच... एक तर पूर्ण उलटा वळणारा लॅपटॉप, नाहीतर कीबोर्ड निघणारा टॅबलेट.

मी म्हटलं लॅपटॉप, विषय संपला. ज्या वस्तूचे दोन तुकडे होतात त्यातला एक आमच्या घरी हरवतोच. एका तरी डब्याला त्याचं स्वतःचं झाकण आहे का, विचारा.

"आई, तो डबा नाहीये गं!" ऋतुजा वैतागली. तिचा जीव टॅबलेटवर. दुकानात उभ्या उभ्या तिने त्याच्या पेनाने माझं नाक काढलं... फुगलेलं, अगदी माझंच.

दुकानदार दोन्हीचे गुण सांगत सुटला. मला कुठला एवढा धीर? आमच्या नाहूरच्या घरात टेबल नाही, ठेवायला जागाच नाही. जेवण, अभ्यास, भांडण सगळं जमिनीवर. मी सरळ खाली मांडी घालून बसले. "द्या इकडे दोन्ही."

"अहो ताई, खुर्ची देतो ना!"

"घरी पाठवणार आहात का खुर्ची?"

लॅपटॉप मांडीवर झकास बसला. पण चित्रासाठी उलटा वळवून ऋतुजाने हातावर घेतला तर हा जड... जरा वेळात तिचा हात भरून आला. टॅबलेट हलका. पण कीबोर्ड लावून मांडीवर उभा केला तर मागचा टेकू घसरला. तोंडावर आपटणार तेवढ्यात मी धरला म्हणून वाचला... दुकानदार पांढराफटक.

"बघितलंस? आत्ता वाट लागली असती."

ऋतुजाने पेन काउंटरवर ठेवून दिलं. "घे मग लॅपटॉप." एवढंच. ही पोरगी भांडत नाही म्हणजे खरंच मनाला लागलंय.

मी तशीच खाली बसलेली. रिकामी मांडी... आणि एकदम आईचा पोळपाट आठवला.

लहानपणी आम्ही वाकोल्याला राहायचो, एका खोलीत सगळी भावंडं. आईच्या पोळ्या झाल्या की ती पोळपाट पुसायची आणि आमच्याकडे सरकवायची. तो मांडीवर घेऊन पाळीपाळीने अभ्यास... तेच आमचं टेबल. वह्यांना पिठाचा वास यायचा, बाई ओरडायच्या. पण आधी पोळ्या, मग अभ्यास. हे कोणी कधी ठरवलं नव्हतं, तसंच होतं.

मग धाकटा भाऊ झाला, आई कामाला जायला लागली आणि पोळ्या माझ्याकडे आल्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पोळपाट माझ्याच हातात राहिला... फक्त पोळ्यांसाठी.

आई गेल्यावर तिच्या भांड्यांतून मी तेवढाच मागून घेतला. वहिनी हसली होती, म्हणाली, "ताई, नवा घ्या की छानसा." मी ऐकलं नाही.

दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, एखादा सपाट खोका द्या." खोका मांडीवर, खोक्यावर टॅबलेट. हलेना की डुलेना.

"टॅबलेट बांधा."

ऋतुजा बघतच राहिली. "अगं, आणि घरी खोका ठेवायचा कुठे?"

"खोका कशाला? आपल्याकडे सागवानी आहे."

काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. मोठा गोळा मळलेला, तवा तापलेला. ऋतुजा दारात येऊन उभी. "आई, उद्या सकाळी चित्र द्यायचंय... पोळपाट कधी मोकळा होईल?"

तोंडात आलं होतं, थांब जरा, पोळ्या होऊ देत. आईचंच वाक्य... जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

गॅस बंद केला. पोळपाट पुसला, कोरडा केला आणि दिला तिच्या मांडीवर. कणीक झाकून ठेवली आणि खाली जाऊन पाव घेऊन आले.

जेवताना नवरा म्हणाला, "आज पाव? पोळ्या नाहीत?"

म्हटलं, "पोळपाट अभ्यासाला बसलाय. उठला की लाटते."

टॅबलेटच्या कडेला थोडं पीठ लागलंय. ऋतुजा म्हणते, पुसून टाक. मी म्हटलं, राहू दे गं जरा... तेवढं आजीचं असू दे.